अक्षराचा कोड चुकीचा येतोय? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

फंक्शनांची आणि भाषांची नावं खाली आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची. कोड म्हणजे संगणक अक्षराऐवजी साठवतो तो नंबर. सगळे कोड दशमान आहेत, हेक्स (सोळाच्या पायावरचे) नाहीत. अवतरणात साधा '5' दिसला तर तो इंग्रजी कीबोर्डवरचा पाच, आणि '५' दिसला तर मराठी कीबोर्डवरचा. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

लक्षणं

- '1', '2', '3' यांची बेरीज ६ यायला हवी, येते १५०.
- कॅपिटल ए मध्ये १ मिळवला. बी हवा होता, पडद्यावर ६६ छापलं गेलं.
- 'क' चा कोड २३२५ हवा; २२४ येतो, उणे ३२ येतो, किंवा ६३ येतो.
- पायथनच्या ऑर्ड फंक्शनला एकच अक्षर दिलं, तरी ते म्हणतं की दोन लांबीची स्ट्रिंग मिळाली.
- 'मराठी' शब्दाची लांबी एकीकडे ५ येते, दुसरीकडे १५. माणूस मोजतो ३.
- दोन शब्द डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, पण तुलना केली की 'वेगळे' असं उत्तर मिळतं.
- मराठीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि ¤ चिन्हांची रांग दिसते, नाहीतर ????, नाहीतर काळ्या शंकरपाळ्यातलं प्रश्नचिन्ह.
- इमोजी कापला जातो किंवा त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच घोळ असतो. अक्षराला 'एक' नंबर असतो असं आपण धरून चालतो, आणि प्रत्यक्षात तुमचं फंक्शन बाइट (साठवणीतला ० ते २५५ मधला आकडा) मोजत असतं, किंवा सोळा बिटांचा तुकडा, किंवा युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीतला, क्रमांक. आलेला नंबर सहसा खोटा नसतो, फक्त तो वेगळ्याच यादीतला असतो. म्हणून नंबर 'दुरुस्त' करण्याआधी तो कोणत्या यादीतला आहे ते ओळखायचं.

तपासणी १: सगळे नंबर छापा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट, आणि तरी ही पायरी सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते. पडद्यावर दिसतं ते फॉन्टने काढलेलं चित्र. त्यावरून स्ट्रिंगमध्ये काय आहे हे कळत नाही.

पायथनमध्ये स्ट्रिंगवर लूप फिरवून प्रत्येकाचा ऑर्ड छापा. जावास्क्रिप्टमध्ये आधी अ‍ॅरे-फ्रॉमने तुकडे करा आणि प्रत्येकावर कोड-पॉइंट-अ‍ॅट शून्य. जावामध्ये स्ट्रिंगची कोड-पॉइंट्स ही मेथड. पीएचपीमध्ये एमबी-स्ट्र-स्प्लिट आणि एमबी-ऑर्ड. सी मध्ये प्रत्येक बाइट आधी अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करून (चिन्हाशिवायच्या प्रकारात बदलून) छापा, नाहीतर उणे आकडे बघून आणखी गोंधळ होईल. एक्सेलमध्ये मिड फंक्शनने एकेक तुकडा काढून त्यावर युनिकोड फंक्शन (हे एक्सेल २०१३ पासून आहे).

आता छापलेले आकडे वाचा:

- ४८ ते ५७: इंग्रजी अंक. ६५ ते ९०: कॅपिटल अक्षरं. ९७ ते १२२: स्मॉल अक्षरं.
- २३०४ ते २४३१: देवनागरीचा पट्टा. मराठी मजकुरात हेच आकडे हवेत.
- २२४ मग १६४ किंवा १६५, मग आणखी एक, पुन्हा २२४: हे यूटीएफ-८ चे (युनिकोड क्रमांक बाइटांत साठवायच्या पद्धतीचे) सुटे बाइट आहेत. तपासणी ५ आणि ६.
- ५५२९६ ते ५७३४३: इमोजीचा अर्धा तुकडा. तपासणी ७.
- ६३ ची रांग किंवा ६५५३३: मूळ अक्षर हरवलं आहे. थेट शेवटच्या भागाकडे जा.

तपासणी २: अंक आणि अंकाचा कोड

'5' या अक्षराचा कोड ५३ आहे, ५ नाही. म्हणून '1', '2', '3' चे कोड ४९ + ५० + ५१ असे मिळून १५० होतात. सी, सी प्लस प्लस आणि जावामध्ये अक्षरातून '0' वजा करा. ४८ हा आकडा कोडमध्ये लिहू नका. '0' लिहिलं की वाचणाऱ्याला हेतू कळतो, आणि सी च्या मानकाप्रमाणे शून्य ते नऊ सलग असण्याची हमीही आहे. इंग्रजी अक्षरांबाबत अशी हमी मानक देत नाही, ते शेवटी बघू.

मराठी फॉर्ममध्ये इथे आणखी एक खड्डा आहे. '०' चा कोड २४०६, '५' चा २४११. त्यातून ४८ वजा केले की २३६३ असलं काहीतरी हाती लागतं. पायथनचं इंट आणि जावाचं पार्स-इंट देवनागरी अंक मुकाट्याने स्वीकारतात; '१२३' दिलं तर १२३ मिळतात. जावास्क्रिप्टचं नंबर 'आकडा नाही' म्हणतं, सी चं ए-टू-आय शून्य देतं. म्हणजे मोबाइल नंबर मराठी कीबोर्डवरून टाइप झाला तर पायथनची इज-डिजिट तपासणी पास होते आणि पुढची यंत्रणा कोसळते. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंकांचा शॉर्टकटही देवनागरी अंक धरतो, जावास्क्रिप्टचा धरत नाही. उपाय सोपा आहे: माहिती आत घेतानाच २४०६ ते २४१५ मधल्या प्रत्येक कोडमधून २३५८ वजा करा. सगळे अंक इंग्रजी होतात, आणि पुढे कुणाला काही करावं लागत नाही.

तपासणी ३: टाइप हातातून निसटला का

जावामध्ये कॅर (अक्षर) अधिक इंट (पूर्णांक) याचं उत्तर इंट. म्हणून कॅपिटल ए अधिक १ छापलं की ६६. पूर्ण बेरजेला कंसात घालून बाहेरून कॅरचा कास्ट लावा. फक्त पहिल्या अक्षराला लावला तर उपयोग नाही, कारण बेरीज नंतर होते. गंमत म्हणजे प्लस-इक्वल किंवा प्लस-प्लस वापरलं तर जावा स्वतःच परत कॅर करून देते. त्यामुळे एका ओळीत चाललेलं दुसऱ्या ओळीत का चालत नाही, असा प्रश्न पडतो. समोर स्ट्रिंग असेल तर प्लस म्हणजे जोडणी, आणि '51' सारखी उत्तरं येतात. जावास्क्रिप्टमध्ये बी मधून ए वजा करण्याची सी ची युक्ती चालतच नाही, आधी कोड काढावा लागतो. सी मध्ये प्रिंट-एफला टक्के-डी दिलं तर नंबर, टक्के-सी दिलं तर अक्षर.

अक्षरं सरकवताना (सीझर सायफर या सांकेतिक लिपीचा नेहमीचा गृहपाठ) स्मॉल झेड अधिक ३ केलं की १२५, म्हणजे बंद होणारा महिरपी कंस येतो. ९७ वजा, सरकवा, २६ ने बाकी, ९७ अधिक, असं वर्तुळ पूर्ण करा. मागे सरकवायचं असेल तर बाकी काढण्याआधी २६ मिळवा: सी, जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये उणे एकची २६ ने बाकी उणे एकच राहते, पायथनमध्ये २५ येते.

देवनागरीत हा खेळ जपून खेळा. क ते ह या पट्ट्यात ३७ कोड आहेत, त्यांत मराठीला न लागणारे ऩ आणि ऴ सुद्धा बसलेत. 'न' (२३४४) मध्ये १ मिळवला तर 'प' मिळत नाही, 'ऩ' मिळतो. आणि 'ळ' चा कोड २३५५, म्हणजे ल आणि व यांच्या मध्ये. कोडप्रमाणे सॉर्ट केलेली यादी मराठी शब्दकोशाच्या क्रमाने लागत नाही, कारण आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. तिथे कोडांची वजाबाकी सोडा आणि मराठी लोकेलचं कोलेशन (त्या भाषेच्या नियमाने क्रम लावणं) वापरा.

तपासणी ४: न बोलावलेले पाहुणे

यादीत १० दिसला तर ती नवी ओळ. १३ आणि १० जोडीने दिसले तर विंडोजची नवी ओळ. सी मध्ये स्कॅन-एफला टक्के-सी देऊन दुसऱ्यांदा वाचलं की आधीच्या एंटरचा १० हाती येतो. टक्के-सी च्या आधी एक मोकळी जागा सोडा, ती उरलेली एंटर गिळून टाकते. १६० ही न तुटणारी मोकळी जागा, वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात हमखास. फाइलच्या पहिल्याच अक्षराचा कोड ६५२७९ आला तर ती बाइट-क्रमाची खूण आहे. बाइट छापले तर ती २३९, १८७, १९१ अशी दिसते. पायथनमध्ये फाइल यूटीएफ-८-सिग या नावाने उघडली की ती आपोआप गळते. सीएसव्हीचा पहिलाच कॉलम 'सापडत नाही' म्हणणारी बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात.

८२०३, ८२०४, ८२०५ हे शून्य रुंदीचे. यातला ८२०३ खुशाल काढून टाका. ८२०५ मात्र डोळे मिटून काढू नका. कारण मराठीतला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो:

- र, हलंत, ८२०५, य: म्हणजे २३५२, २३८१, ८२०५, २३५१
- ऱ, हलंत, य: म्हणजे २३५३, २३८१, २३५१

दोन्ही पडद्यावर सारखेच. पहिल्यातून ८२०५ उडवला की 'दर्‍या' चा 'दर्या' होतो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. माहिती आत घेताना पहिल्या प्रकाराचा दुसरा करून घ्या, मग उरलेल्या शून्य-रुंदीवाल्यांचा विचार करा.

असंच दुसरं जोडपं 'ॲ' चं. एक २४१८ हा स्वतंत्र कोड, दुसरं अ अधिक ॅ, म्हणजे २३०९ आणि २३७३. स्वतंत्र कोड युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात दुसराच प्रकार भेटतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायचे वेगवेगळे प्रकार एका साच्यात आणणं) या दोघांना एक मानत नाही, तेव्हा बदल स्वतःच करावा लागतो. ऱ च्या बाबतीत मात्र एनएफसी हा नॉर्मलायझेशनचा प्रकार मदत करतो: र अधिक नुक्ता, म्हणजे खालचं टिंब (२३५२, २३६४) याचा तो २३५३ करून देतो. तुलना, शोध आणि डुप्लिकेट काढणं यांच्या आधी एनएफसी आणि वरच्या दोन अदलाबदली, एवढं एका छोट्या फंक्शनमध्ये घालून ठेवा आणि सगळा मजकूर त्यातूनच आत घ्या.

आणि ज्याला आपण एक अक्षर म्हणतो ते कोडच्या दृष्टीने एक असेलच असं नाही. 'कि' म्हणजे २३२५ आणि २३६७, म्हणून ऑर्ड अडतं. 'क्षत्रिय' मध्ये आठ कोड आहेत. 'किती' उलटा केला की सुरुवातीला अधांतरी ी, टिंबांच्या गोलावर लटकलेली. माणसाच्या हिशेबाने तोडायचं असेल तर जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर, पीएचपीमध्ये ग्राफीम-स्ट्रलेन, जावामध्ये ब्रेक-इटरेटर. 'क्ष' सारखं जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. जुनी लायब्ररी त्याचे दोन तुकडे मोजेल. सर्व्हर आणि ब्राउझरचा आकडा जुळत नसेल तर आधी दोन्हीकडच्या आवृत्त्या बघा.

तपासणी ५: फंक्शन बाइट मोजतंय का

'क' यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा: २२४, १६४, १४९. पीएचपीचं साधं ऑर्ड त्यातला पहिला बाइट देतं. उलट दिशेने, नंबरावरून अक्षर देणाऱ्या साध्या सीएचआरला २३२५ दिलं तर ते २५६ ने भागून बाकी घेतं, म्हणजे २१, एक न दिसणारं नियंत्रण चिन्ह. जुन्या आवृत्त्यांत चूक दाखवली जात नाही, म्हणून शोधायला वेळ लागतो. एमबी-ऑर्ड आणि एमबी-सीएचआर वापरा, पीएचपी ७.२ पासून आहेत. मायएसक्यूएलमध्ये आस्की फंक्शन २२४ देतं, तर ऑर्ड तिन्ही बाइट एका आकड्यात गुंफून १४७२२१९७ देतं. तो युनिकोड क्रमांक नव्हे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अवतरणाच्या आधीचा एन विसरलात तर नेहमीच्या इंग्रजी कोलेशनवर क चं प्रश्नचिन्ह होतं आणि ६३ मिळतो. एन लावा आणि युनिकोड फंक्शन वापरा. एक्सेलमध्येही जुनं कोड फंक्शन मराठीच्या कामाचं नाही.

उणे ३२, उणे ९२, उणे १०७ दिसले तर तोच 'क' आहे, फक्त आठवा बिट चिन्ह म्हणून वाचला गेला. जावाची बाइट नेहमीच अशी वागते. २५५ शी बिटवाइज अँड करा. सी मध्ये कॅर चिन्हासह की चिन्हाशिवाय हे कंपायलर आणि प्रोसेसरवर अवलंबून: इंटेलच्या मशीनवर सहसा चिन्हासह, एआरएम लिनक्सवर सहसा चिन्हाशिवाय. लॅपटॉपवर चालणारा कोड छोट्या बोर्डावर बिघडतो तो यामुळे. इज-अल्फासारख्या फंक्शनांना उणे आकडा देणं तर सरळ नियमबाह्य, प्रोग्राम कोसळूही शकतो. गेट-कॅरचं उत्तर मात्र इंटमध्येच घ्या. ते कॅरमध्ये घेतलं तर एका मशीनवर २५५ हा बाइटच फाइलचा शेवट वाटतो आणि दुसऱ्या मशीनवर शेवट कधी सापडतच नाही.

तपासणी ६: फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये वाचली

नंबर २२४, १६४, ८२२६ असे दिसले तर यूटीएफ-८ फाइल विंडोज-१२५२ (रोमन अक्षरांचा जुना, एका अक्षराला एक बाइट देणारा तक्ता) समजून वाचली गेली आहे. १४९ चा तिथे ठिपका होतो आणि ठिपक्याचा युनिकोड क्रमांक ८२२६. फाइल उघडतानाच एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) स्पष्ट लिहा. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच गृहीत आहे, त्याआधीच्या जावामध्ये आणि विंडोजवरच्या पायथनमध्ये ते यंत्रावर अवलंबून असतं.

विंडोजवर पायथन 'चारमॅप' ची तक्रार करून थांबत असेल तर कारण तेच. विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच बाइटांना अर्थच नाही. आणि मराठीत हलंताचा शेवटचा बाइट १४१, ु चा १२९, ए चा १४३, ऐ चा १४४, झ चा १५७. म्हणजे एक जोडाक्षर किंवा एक ऱ्हस्व उकार आला की वाचन थांबणारच. ही तक्रार खरं तर उपकार आहे, कारण ती बिघाड पुढे जाऊ देत नाही. एरर्स-इग्नोर लावून ती गप्प करणं हा सगळ्यात वाईट उपाय: हलंत आणि उकार गायब होतात आणि कुणाला कळतही नाही.

आधीच बिघडलेला मजकूर विंडोज-१२५२ मध्ये एन्कोड करून यूटीएफ-८ ने डिकोड केला की कधीकधी परत येतो. आधी फाइलची प्रत काढा, दहा ओळींवर करून बघा, आणि त्यांत जोडाक्षरं असू द्या.

तपासणी ७: ६५५३५ च्या वर

जावा आणि जावास्क्रिप्ट सोळा बिटांचे तुकडे वापरतात. हसरा चेहरा 😀 याचा क्रमांक १२८५१२, पण कॅर-कोड-अ‍ॅट देईल ५५३५७, आणि पुढचा तुकडा ५६८३२. फ्रॉम-कॅर-कोडला १२८५१२ दिलं तर ते ६५५३६ वजा करून भलतंच चिन्ह देतं. कोड-पॉइंट-अ‍ॅट आणि फ्रॉम-कोड-पॉइंट वापरा. देवनागरीचा नेहमीचा पट्टा ६५५३५ च्या खाली असल्याने मराठी मजकुरावर हा दोष कधी दिसत नाही. पहिला इमोजी येईपर्यंत. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ-८ तीन बाइटांपर्यंतच जातं, तिथेही तेच: मराठी नीट, इमोजी नाही. कॉलम यूटीएफ-८-एमबी-४ करा, आणि कनेक्शनही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बिघाड चालू डेटाबेसमध्ये असेल तर. नवीन नोंदी नीट, जुन्या दुहेरी एन्कोड झालेल्या, अशी सरमिसळ असते. एकच अपडेट सगळ्यांवर चालवली तर नीट असलेल्याही बिघडतात. हे काम डेटाबेस सांभाळणाऱ्याचं, बॅकअप घेतल्यावर.

६३ ची रांग किंवा ६५५३३ डिस्कवरच्या मूळ फाइलमध्येही असेल तर. प्रत्येक अक्षराचं तेच एक चिन्ह झालंय, त्यातून मूळ अक्षर काढणारं गणित नाही. जुना बॅकअप किंवा ज्यांच्याकडून फाइल आली त्यांची प्रत, एवढेच दोन मार्ग.

मजकूर मराठी दिसतो पण कोड ३२ ते २५५ मधले येतात तर. कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत रोमन कोडांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. एक चित्र म्हणजे एक अक्षर असं नसतं, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, आणि फॉन्टागणिक तक्ता वेगळा. पानभर मजकुराला तयार कन्व्हर्टर पुरतो. वर्षानुवर्षांचे अंक किंवा सातबाऱ्यासारख्या नोंदी असतील तर हे काम केलेल्या माणसाकडे द्या आणि मुद्रितशोधनाचा वेळ धरा.

कॅपिटल ए चा कोड १९३ आणि '0' चा २४० आला तर फाइल मेनफ्रेमवरून आली आहे, एबसिडिक संकेतातली. त्यात आय २०१ वर आणि जे थेट २०९ वर, त्यामुळे अक्षरांची बेरीज-वजाबाकी तिथे चालतच नाही. बँकेची किंवा विम्याची अशी फाइल असेल तर तिच्यात दाबून भरलेले आकडेही असतात, आणि पूर्ण फाइल मजकूर समजून बदलली की ते नष्ट होतात. ज्यांच्याकडून आली त्यांच्याकडून रेकॉर्डचा आराखडा मागा.

जाणकाराला देताना स्क्रीनशॉट देऊ नका. हात न लावलेली मूळ फाइल झिप करून, तिच्या पहिल्या शंभर बाइटांचे आकडे, ती कोणत्या प्रोग्राममधून निघाली आणि मधे कुणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली होती का, एवढं द्या.